नेट नाही, तरी चालेल: वेचणीच्या हिशोबासाठी पायथनची शिदोरी

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात. मोबाइलला बऱ्यापैकी रेंज हवी तर पाण्याच्या टाकीपाशी जावं लागतं, आणि तिथे लॅपटॉप उघडून बसलं की पाच मिनिटांत दहा लेकरं आणि दोन काकाजी भोवती जमतात. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लागले तेव्हा प्रत्येक व्हिडिओची सुरुवात एकच: आधी पांडास (तक्त्यांचा हिशोब करणारं बाहेरचं पॅकेज) इन्स्टॉल करा. तीन संध्याकाळी टाकीपाशी बसले, तिन्ही वेळा डाउनलोड अर्ध्यात तुटलं. चौथ्या दिवशी वैतागून घरीच बसले आणि पायथनसोबत आलेलं मॅन्युअल चाळायला घेतलं. त्यात 'लायब्ररी रेफरन्स' नावाचा भाग निघाला. मला जे हवं होतं ते सगळं लॅपटॉपमध्ये आधीच येऊन पडलेलं होतं.

पायथनवाले याला 'बॅटरीज इन्क्लुडेड' म्हणतात. खेळण्याच्या खोक्यातच सेल. तारखा, बेरजा, फाइली, डेटाबेस अशा कामांची तयार मॉड्युलं, म्हणजे आधीच लिहिलेल्या कोडचे गठ्ठे, भाषेसोबतच येतात, वेगळं काही उतरवावं लागत नाही. याच संचाला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात.

माझं काम साधं आहे. आमच्या आणि शेजारच्या दोन कास्तकारांच्या वेचणीचा हिशोब मी ठेवते. हंगामात रोज पंधरा-वीस बाया कापूस वेचायला येतात, संध्याकाळी धुऱ्यावर ताणकाट्यावर प्रत्येकीचं गाठोडं मोजलं जातं, बाबा वहीत लिहितात, आणि शनिवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, मजुरी वाटली जाते. हे काम पायथनवर आणताना मी जिथे जिथे अडखळले, ते खाली क्रमाने लिहिते.

एक सूचना आधीच. इथे कोड दिलेला नाही. मॉड्युलांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायची; जी नावं इथे तुटक लिहिली आहेत (गेट क्लोज मॅचेससारखी), त्यांत जागेऐवजी खालची रेघ (अंडरस्कोअर) येते. काउंटर, डेसिमल, पाथ यांसारख्या मोजक्या नावांचं पहिलं अक्षर मोठं असतं, डिक्टरीडरमध्ये डी आणि आर दोन्ही. स्पेलिंग अडलं तर पहिली पायरी बघा, त्यात सोय सांगितली आहे.

काय काय लागेल

- विंडोजचा कोणताही चालू स्थितीतला लॅपटॉप. माझा जुना आहे, ४ जीबी रॅमचा. कुठे अडला नाही.
- एक पेनड्राइव्ह.
- एका आठवड्याची खरी वही. मनाने रचलेली उदाहरणं घेऊ नका, त्यांत चुका नसतात.
- घरातलं तोंडी हिशोब करणारं एक माणूस. आमच्याकडे बाबा आहेत.

१. इन्स्टॉलर एकदाच आणा आणि जपून ठेवा

तालुक्याला गेलात की पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून विंडोजचा पूर्ण इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. तो साधारण २५ ते ३० एमबीचा असतो, म्हणजे एका छोट्या व्हिडिओएवढा. लॅपटॉपवर विंडोज ७ असेल तर ३.८ ही शेवटची चालणारी आवृत्ती. नवी उतरवून आणाल तर गावात येऊन कपाळावर हात मारावा लागेल. विंडोज १० किंवा ११ असेल तर नवी घ्या.

इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीत खाली 'पाथ'मध्ये (विंडोज प्रोग्रॅम शोधतं त्या जागांच्या यादीत) जोडण्याची एक चौकट असते, तिच्यावर खूण करा. पुढे ऐच्छिक गोष्टींत डॉक्युमेंटेशनची खूण काढू नका. तेच आपलं ऑफलाइन मॅन्युअल. आयडल (पायथनसोबत येणारी कोड लिहायची खिडकी) उघडून एफ १ दाबलं की ते समोर येतं, आणि प्रत्येक मॉड्युलचं स्पेलिंग, उदाहरणं सगळं त्यात आहे.

विंडोज १० वर कमांड खिडकीत पायथन असं टाइप केलं आणि भलतंच दुकान उघडलं, तर घाबरू नका. विंडोजने त्या नावाची पाटी स्वतःच्या स्टोअरकडे वळवून ठेवलेली असते. पायथनऐवजी फक्त पी आणि वाय ही दोन अक्षरं टाइप करा, काम होतं.

२. फाइलला मॉड्युलचं नाव देऊ नका

ही चूक नवशिक्या प्रत्येकाकडून होते म्हणून दुसऱ्याच पायरीवर लिहिते. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल; ती वाचणारं सीएसव्ही मॉड्युल शिकायचं म्हणून मी माझ्या फाइलला 'सीएसव्ही' हेच नाव दिलं. त्यानंतर आयात (इम्पोर्ट) केलेल्या सीएसव्हीत रीडर सापडेना. पायथन मॉड्युल शोधताना आधी तुमच्या चालू फाइलच्या फोल्डरमध्ये बघतं, मग स्वतःच्या भांडारात. त्यामुळे माझी फाइल स्वतःलाच आयात करत होती आणि चुकीच्या संदेशात 'सर्क्युलर इम्पोर्ट' असं काहीतरी येत होतं. त्यात दोन तास गेले, वर लाइन गेली ती वेगळीच.

रँडम, कॅलेंडर, डेटटाइम, स्टॅटिस्टिक्स ही नावंही अशीच भुरळ घालतात. मी आता सरळ 'वेचणी_वाचा', 'वेचणी_बेरीज' अशी नावं इंग्रजी अक्षरांत देते.

प्रोग्रॅमच्या आत मात्र मराठी नावं चालतात. 'वजन', 'मजुरी', 'कापूस' ही नावं पायथन ३ आनंदाने घेतं. फक्त काही कळफलक 'ऱ्य' उमटवताना मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. ते चिन्ह नावात आलं की पायथन अडतं, आणि डोळ्यांना तर काहीच चुकलेलं दिसत नाही. म्हणून 'पऱ्हाटी' हे नाव मी कोडमध्ये वापरणं सोडून दिलं.

३. वही सीएसव्हीत उतरवा

चार रकाने पुरेत: तारीख, नाव, वजन, वावर. एक्सेलमध्ये किंवा अगदी नोटपॅडमध्ये भरा. मग सीएसव्ही मॉड्युलमधला डिक्टरीडर वापरा. तो प्रत्येक ओळ रकान्याच्या नावानिशी हातात देतो, त्यामुळे 'तिसरा रकाना कोणता होता' हे आठवत बसावं लागत नाही.

इथे चार खड्डे आहेत, आणि मी चारही खड्ड्यांत पडले.

पहिला. एक्सेलमधून साध्या सीएसव्ही प्रकारात साठवलं तर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा वेगळा प्रकार यादीत असतो, तो निवडा.

दुसरा. तो प्रकार निवडला की एक्सेल फाइलच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारी खूण ठेवतं. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) साधं 'यूटीएफ-८' दिलं तर ती खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटून येते. मग तुम्ही 'तारीख' मागता आणि पायथन सांगतं, असा रकानाच नाही. छापून बघता तर 'तारीख' समोर दिसतंय. यावर उपाय म्हणजे एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' असं द्यायचं. लिहिताना पण तेच द्या, म्हणजे एक्सेलला मराठी नीट दिसतं.

तिसरा. फाइल उघडताना 'न्यूलाइन' या पर्यायाला रिकामी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर, द्यायची, असं मॅन्युअल सांगतं. नाही दिली तर विंडोजवर लिहिलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ येते, जसं काही बियाणं टोबताना एक तास (ओळ) सोडून दिला.

चौथा सगळ्यांत महागाचा. सीएसव्हीतून येणारी प्रत्येक गोष्ट मजकूर असते, आकडासुद्धा. १२ आणि ३० ची बेरीज केली की ४२ येत नाही, १२३० येतं. पहिल्या दिवशी माझ्या यादीप्रमाणे एका मावशीने १२३० किलो कापूस वेचला होता. बाबांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं.

आकड्यांबद्दल एक चांगली बातमी. वजन देवनागरी अंकांत लिहिलेलं असलं तरी पायथनला ते कळतं. '३८.५' हा मजकूर फ्लोट किंवा डेसिमलमध्ये (दशांश आकड्यांचे पायथनमधले दोन प्रकार) बदलायला दिला की ते मुकाट बदलून देतात. हे मला कोणत्याच व्हिडिओत कळलं नव्हतं.

पण बाबा वहीत साडेअडतीस किलो '३८॥' असं लिहितात. पाव म्हणजे एक दांडा, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. ही जुनी पद्धत पायथनला कुठून ठाऊक असणार! मी रिप्लेस वापरून दांड्यांच्या जागी दशांश घातले: एका दांड्याला .२५, दोन दांड्यांना .५, तीन दांड्यांना .७५. क्रम मात्र उलटा ठेवावा लागतो, आधी तीन दांडे, मग दोन, मग एक. मी आधी दोन दांड्यांचा बदल केला आणि पाऊण किलोचा अर्धा किलो होऊन शेवटी एक दांडा लोंबकळत राहिला.

४. नावांचा घोळ

हा भाग नीट वाचा. प्रोग्रॅम चुकला तर सहसा इथेच चुकतो आणि चूक कोणाच्या तरी मजुरीत निघते.

आमच्या वहीत एकच बाई सोमवारी 'शांताबाई' असते, बुधवारी 'शान्ताबाई', आणि शुक्रवारी नावामागे एक मोकळी जागा असते. पायथनच्या लेखी त्या तीन बाया. मोकळी जागा स्ट्रिपने जाते. 'ऱ' हे अक्षर दोन प्रकारे साठवलं जाऊ शकतं, एकसंध किंवा र खाली नुक्ता देऊन. दिसायला दोन्ही सारखेच. युनिकोडडेटा मॉड्युलमधलं नॉर्मलाइझ, 'एनएफसी' प्रकाराने, दोघांना एक करतं. एवढं प्रत्येक नावावर डोळे झाकून चालवा.

'शांता' आणि 'शान्ता' मात्र खरोखर वेगळी स्पेलिंगं आहेत, नॉर्मलाइझ तिथे काही करत नाही. त्यासाठी डिफलिब नावाचं मॉड्युल आहे. त्यातलं गेट क्लोज मॅचेस एखाद्या शब्दाच्या जवळचे शब्द शोधून देतं. ते बघून मी हरखून गेले आणि सरळ लिहून टाकलं, जवळचं नाव सापडलं की तेच धरायचं.

झालं काय, ते आकड्यांतच बघा. डिफलिबच्या मोजमापात 'शांताबाई' आणि 'शान्ताबाई' यांचं साम्य ०.८२ येतं. 'शांताबाई' आणि 'कांताबाई' यांचं ०.८७५. एकाच बाईची दोन स्पेलिंगं एकमेकांपासून जितकी दूर, त्याहून दोन वेगळ्या बाया जवळ! मराठीत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जातात, त्यामुळे असं होतं. माझ्या प्रोग्रॅमने कांताबाईंचा एक दिवस शांताबाईंच्या खात्यावर टाकला. शनिवारी कांताकाकू पैसे मोजत ओसरीवरच बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "माहा मंगळवार कुठी गेला वं पोरी?"

तेव्हापासूनची पद्धत अशी. पक्क्या नावांची एक वेगळी यादी, तिच्यात प्रत्येकीला एक क्रमांक. दुसऱ्या छोट्या यादीत चुकीचं स्पेलिंग आणि त्यासमोर खरं नाव, हातानं लिहिलेलं. नवं नाव आलं की डिफलिब फक्त विचारतं: ही शांताबाई का? उत्तर मी देते. एकाच नावाच्या दोन बाया असतील, आणि गावात असतातच, तर क्रमांकाशिवाय पर्याय नाही.

५. बेरजा

कलेक्शन्स मॉड्युलमधल्या दोन वस्तू पुरतात. डीफॉल्टडिक्टमध्ये नसलेलं नाव विचारलं तर ते शून्यापासून खातं उघडतं, 'आधी नाव आहे का बघा, नसेल तर घाला' हा सगळा पसारा वाचतो. काउंटर हजेरीसाठी: कोण किती दिवस आली ते एका ओळीत, आणि मोस्ट कॉमन म्हटलं की जास्त दिवसांपासून कमीकडे यादी लावून मिळते.

इटरटूल्समधलं ग्रुपबाय बघून मोह होईल. ते फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतं. आधी नावाप्रमाणे क्रम लावला नाही तर एकाच बाईचे सहा गट पडतात. मी ते वापरतच नाही.

नावांची यादी क्रमाने लावताना एक गंमत दिसेल. पायथनचा सॉर्टेड युनिकोडच्या (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकाच्या) क्रमाने जातो आणि तिथे 'ळ' हा 'व'च्या आधी येतो, आपल्या मुळाक्षरांसारखा 'ह'नंतर नाही. मजुरीच्या हिशोबाला फरक पडत नाही, सोडून द्या.

६. पैसे: डेसिमल वापरा, आणि पूर्णांक कसा करायचा ते स्वतः सांगा

संगणक दशांश अपूर्णांक आतून द्विमान पद्धतीत ठेवतो. एक-तृतीयांश जसा दशांशात कधीच संपत नाही, तसा ०.१ द्विमानात संपत नाही. म्हणून फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. एवढ्याशा शेपटाने मजुरी बदलत नाही असं वाटतं, आणि बहुतेक वेळा बदलतही नाही. आमच्याकडे भांडण लागलं ते दुसऱ्याच कारणाने.

समजा किलोला ११ रुपये मजुरी. एकीचा कापूस ४१.५ किलो, तिचे झाले ४५६.५० रुपये. दुसरीचा ४२.५ किलो, तिचे ४६७.५०. सुट्टे नकोत म्हणून मी राउंड लावला. पहिलीला ४५६ मिळाले, दुसरीला ४६८. म्हणजे एकीचा अर्धा रुपया गेला, दुसरीचा वाढला! मला वाटलं प्रोग्रॅममध्ये काहीतरी बिघडलंय. बिघडलं काहीच नव्हतं. बरोबर अर्ध्यावर अडलं की पायथनचा राउंड जवळच्या सम संख्येकडे जातो. अर्ध्याची प्रत्येक रक्कम वरच ढकलली तर मोठ्या बेरजेत फुगवटा येतो, तो टाळायची ही पद्धत आहे. मोठ्या आकडेमोडीत ती योग्यच असेल, पण ओसरीवर बसलेल्या मावशीला सम-विषम समजावून सांगून बघा.

डेसिमल मॉड्युल घ्या. ते आपल्यासारखंच दशांशात मोजतं. वापरताना दोन गोष्टी:

डेसिमलला आकडा नेहमी अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून द्या. ३८.१ तसाच दिला तर तो आधी फ्लोट होतो, आणि फ्लोटचं सगळं शेपूट डेसिमलमध्ये जसंच्या तसं येतं. सीएसव्हीतून आलेलं वजन मजकूरच असतं, ते सरळ डेसिमलला द्यायचं; मध्ये फ्लोट करू नका.

आणि नुसतं डेसिमल वापरल्याने राउंडचा प्रश्न सुटत नाही. त्याची ठरलेली पद्धतही सम संख्येकडेच जाते. क्वांटाइझ (डेसिमलला हव्या तितक्या अंकांपर्यंत आणणारं फंक्शन) वापरताना 'राउंड हाफ अप' (हे सगळं मोठ्या अक्षरांत) असं स्पष्ट सांगावं लागतं. मग ४५६.५० चे ४५७ होतात, ४६७.५० चे ४६८, आणि दोघी हसत बाजाराला जातात.

कापूस विकल्यावरचा हिशोबही यातच बसतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. १२ क्विंटल ४५ किलोचे १,००,९६९.५० रुपये होतात. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत आर्द्रता ८ टक्क्यांच्या वर गेली की भाव प्रमाणात कापतात आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत, तेही दोन ओळींत लिहिता येतं. छापताना मात्र पायथनचा स्वल्पविराम दर तीन अंकांनी पडतो आणि एक लाखाचे १००,९६९.५० होतात. लाख-कोटीचा स्वल्पविराम घालणारं चार ओळींचं छोटं फंक्शन स्वतः लिहून ठेवा. चुकाऱ्याची पट्टी आणि तुमचा कागद शेजारी ठेवून बघणाऱ्या माणसाला तीन अंकांचा स्वल्पविराम खटकतो, आणि खटकलं की त्याचा सगळ्याच हिशोबावरचा विश्वास जातो.

७. तारखा

डेटटाइम मॉड्युल. स्ट्रिपटाइम नावाचं फंक्शन मजकुराची तारीख करतं. त्याला साचा द्यावा लागतो. दिवसाला टक्का आणि लहान डी, महिन्याला टक्का आणि लहान एम, चार आकडी वर्षाला टक्का आणि मोठा वाय. लहान वाय दिला तर दोन आकडी वर्ष धरलं जातं.

आकड्यांना देवनागरी चालतं म्हणून मी खूष होते, पण स्ट्रिपटाइमला '१५/११/२०२५' असं देवनागरीत दिलं की ते चूक दाखवतं. आधी अंक इंग्रजी करून घ्या. मेकट्रान्स आणि ट्रान्सलेट या जोडीने दहा अंकांचा तक्ता एकदाच बनतो, आणि तोच उलटा करून पावती मराठी अंकांत छापता येते.

आमचा आठवडा रविवार ते शनिवार चालतो, कारण चुकता होतो तो बाजाराच्या दिवशी. पायथनच्या वीकडेमध्ये सोमवार शून्य, म्हणून शनिवार ५. कोणत्याही नोंदीचा बाजार कोणता हे काढायला पाचातून त्या दिवसाचा वार वजा करायचा, सातने भागून बाकी घ्यायची आणि तेवढे दिवस पुढे जायचं. रविवारी हे उणे एक येतं, पण पायथनमध्ये उणे एकला सातने भागल्यावर बाकी सहा मिळते, जी आपल्याला हवी तीच. दिवस पुढे न्यायला टाइमडेल्टा. तुमचा बाजार मंगळवारी असेल तर पाचाच्या जागी एक.

वाराचं नाव इंग्रजीत येतं. सोमवारपासून सुरू होणारी सात मराठी नावांची यादी करा आणि वीकडेचा आकडा त्यात घाला, झालं.

निरनिराळ्या देशांच्या घड्याळवेळा सांभाळणारं झोनइन्फो नावाचं मॉड्युलही ३.९ पासून स्टँडर्ड लायब्ररीत आहे, पण विंडोजवर त्याला लागणारी माहिती सोबत येत नाही, ती नेटवरून वेगळी घ्यावी लागते. शिदोरीत डबा आहे, भाजी नाही. आपल्या हिशोबाला घड्याळातली वेळ लागतच नाही, नुसती तारीख पुरते, म्हणून अडत नाही.

८. फोल्डर, पावत्या, बॅकअप

पाथलिबमधला पाथ वापरा आणि फोल्डरची नावं जोडायला साधा तिरपा दांडा. विंडोजचा उलटा दांडा हाताने लिहिलात आणि पुढच्या फोल्डरचं नाव इंग्रजी लहान एन किंवा टी ने सुरू झालं, तर त्या जागी नवी ओळ किंवा टॅब तयार होतो आणि 'फाइल सापडत नाही' असं येत राहतं.

पावती छापताना एलजस्टने (मागे मोकळ्या जागा भरून मजकूर ठरावीक लांबीचा करणारं फंक्शन) रकाने सरळ येतील अशी अपेक्षा ठेवू नका. 'विदर्भ' आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पायथन त्याची लांबी ६ मोजतं. मी पावती एचटीएमएलच्या (वेबपानाच्या) तक्त्यात लिहिते. स्ट्रिंग मॉड्युलमधलं टेम्प्लेट साचा भरतं आणि वेबब्राउझर मॉड्युल ती फाइल ब्राउझरमध्ये उघडतं. ब्राउझरला फाइल दाखवायला नेट लागत नाही. तिथून प्रिंट.

बॅकअपला शटिलमधलं मेक आर्काइव्ह: अख्खं फोल्डर झिप करून पेनड्राइव्हवर. झिप त्याच फोल्डरमध्ये बनवू नका. नावात तारीख घाला, वर्ष आधी, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.

९. दुसऱ्या हंगामात: एसक्यूलाइट

पहिला हंगाम सीएसव्हीवरच काढा. तीन वावरांच्या नोंदी काही हजारांवर गेल्या आणि 'मागच्या वर्षी पहिल्या वेचणीला किती निघाला होता' असे प्रश्न सुरू झाले की एसक्यूलाइट३ कडे वळा. पूर्ण डेटाबेस, एकाच फाइलमध्ये, तोही २००६ पासून पायथनसोबतच येतो. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही.

नोंद घातल्यावर कमिट, म्हणजे ती पक्की, करायला विसरू नका. विसरलात आणि खिडकी बंद केलीत तर नोंदी उडाल्या. कमिट झालेली नोंद मात्र मध्येच लाइन गेली, बॅटरी संपली तरी टिकते, आणि आमच्याकडे हा गुण सगळ्यांत मोलाचा. नाव आणि वजन घालताना प्रश्नचिन्हाची जागा ठेवून मूल्यं वेगळी द्या, मजकूर जोडून डेटाबेसला द्यायच्या आज्ञेचं वाक्य बनवू नका.

एसक्यूलाइटला डेसिमल कळत नाही. मी वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवते. ३८.५ किलो म्हणजे ३८५००. छापताना परत भागायचं.

१०. जुने धडे आणि बाहेरची पॅकेजेस

स्टँडर्ड लायब्ररीतूनही गोष्टी निघून जातात. डिस्टयूटिल्स ३.१२ मध्ये, २०२३ साली, काढलं. २०२४ च्या ३.१३ मध्ये सीजीआय, टेलनेटलिब अशी १९ जुनी मॉड्युलं एकदम गेली. एखाद्या जुन्या पुस्तकातला प्रोग्रॅम 'असं मॉड्युल नाही' म्हणत असेल तर चूक तुमची नसेल. मॅन्युअलमध्ये ते नाव आहे का, हे आधी बघा. आयडलमध्ये हेल्प या फंक्शनला 'मॉड्युल्स' हा शब्द अवतरणांत दिला की तुमच्या लॅपटॉपवर काय काय आहे याची सगळी यादी येते. मला ती वाचायला आवडते, मूग निवडत बसल्यासारखं वाटतं.

बाहेरचं पॅकेज खरंच लागलं तर ज्या गावी नेट चांगलं आहे तिथे 'पिप डाउनलोड'ने (पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस उतरवून बसवणारा प्रोग्रॅम) ते आणि त्याच्यासोबतची सगळी पॅकेजेस एका फोल्डरमध्ये उतरवा, पेनड्राइव्हवर आणा, आणि घरी पिपला 'नो इंडेक्स' आणि 'फाइंड लिंक्स' हे पर्याय देऊन तिथूनच इन्स्टॉल करा. तिथल्या आणि तुमच्या पायथनची आवृत्ती एकच हवी. पांडास मी शेवटी असंच आणलं. वेचणीच्या हिशोबात त्याची अजून गरज पडलेली नाही.

११. वही बंद करू नका

पहिले काही आठवडे वही आणि प्रोग्रॅम दोन्ही चालू ठेवा आणि पैसे वहीप्रमाणेच द्या. आमचा पहिला शनिवार जुळला नाही, तो कांताकाकूंचा मंगळवार होता. दुसराही जुळला नाही. ४० रुपयांचा फरक. मी रात्री साडेअकरापर्यंत प्रोग्रॅम तपासला, एकही चूक सापडेना. सकाळी बाबांनी वहीची बेरीज पुन्हा केली, तर एका पानावर हातचा चार घ्यायचा राहिला होता. ते काही बोलले नाहीत, फक्त आकडा खोडून वर नवा लिहिला आणि बाजूला बारीक सही केली.

तिसरा शनिवार जुळला. त्या दिवशी मी पावत्या देवनागरी अंकांत छापून दिल्या. एका मावशीने तिची पावती दोनदा घडी घालून बटव्यात ठेवली, पुढच्या शनिवारी ती परत आणली आणि नव्या पावतीशेजारी धरून म्हणाली, "याच्यावर वावराचं नाव टाक नं, दोन ठिकाणी जातो मी." सीएसव्हीत वावराचा रकाना होताच, पावतीच्या टेम्प्लेटमध्येच तो घालायचा राहून गेला होता. तुम्ही पहिल्या पावतीपासूनच घाला.